नको म्हणणाऱ्या ईनबाई

सोनाळ्याला जायचं तर मुंबईकडून येणाऱ्यानं मलकापूरला उतरावं. पुण्यात ज्यांना हे सांगितलं त्यांनी हटकून विचारलं, "म्हणजे शेगावच्या पुढे का?" अलीकडे. नांदुऱ्याच्याही अलीकडे. आमच्याकडच्या लोकांचा बुलढाणा जिल्हा शेगाव आणि लोणार या दोन नावांत संपतो. माझाही परवापर्यंत तिथेच संपत होता.

मी पुण्यात जपानी शिकवते. निखिल माझा जुना विद्यार्थी. सोनाळ्याच्या संत्राबागायतदाराचा मुलगा, आता ओसाकात नोकरीला. तिथल्याच हाना नावाच्या मुलीशी त्याचं जमलं आणि लग्न गावी करायचं ठरलं. मुलीकडून तिची आई तेवढी येणार होती. "मॅडम, त्यांना जपानी येतं, आमच्या घरी वऱ्हाडी. मधे कुणीतरी हवं," असं निखिल फोनवर म्हणाला. मी होकार दिला आणि लगेच याद्या करायला बसले. औषधं, गरम कपडे, पिण्याचं पाणी, पाहुणीला आधी सांगून ठेवायच्या गोष्टी: चपला कुठे काढायच्या, पाया कोण पडेल, जेवताना ताटावर हात आडवा धरूनही काय होईल. सगळं झालं असं मला वाटत होतं.

मलकापूरपर्यंत

हानाच्या आईंचं नाव योंगजा. साठीच्या, बारीक अंगाच्या, चालताना कधीही मागे न पडणाऱ्या. हाना आणि निखिल आठवडाभर आधीच गावी पोचले होते, त्यामुळे योंगजाबाईंना मुंबईच्या विमानतळावरून घेऊन रेल्वेने मलकापूरला आणणं माझ्याकडे होतं.

पहिली फजिती इगतपुरी मागे पडल्यावर झाली. त्यांनी विहीणबाईंसाठी घरी घातलेलं किमची आणलं होतं. म्हणजे कोबीचं लाल तिखटातलं आंबवलेलं लोणचं. प्रवासात ते डब्यात फुगलं, झाकण उडालं आणि रेल्वेच्या अख्ख्या डब्यात वास पसरला. मी माझ्याकडचे टिश्यू, पिशव्या, रबरबँड सगळं बाहेर काढलं. समोर बसलेल्या भुसावळच्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "लोणचं का? मुरलेलं दिसतंय." चव घेतली आणि पुन्हा हात पुढे केला. मग त्यांनी मला विचारलं, बाई जपानी का. मी हो म्हटलं आणि योंगजाबाईंना सांगितलं, की तुम्ही जपानी का असं विचारताहेत.

"मी कोरियन आहे," त्या म्हणाल्या. "जन्म ओसाकाचा."

पुढचं त्यांनी जळगाव येईपर्यंत सांगितलं, भाजी निवडावी तसं, एकेक बाजूला ठेवत. कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा त्यांचे आजोबा जेजू बेटावरून कामासाठी ओसाकाला आले. पुढे युद्ध संपलं, राज्य गेलं, माणसं मात्र तिथेच राहिली. मुलं तिथे जन्मली, तिथल्या शाळेत शिकली, घरातही जपानीच बोलू लागली, पण कागदावर परदेशीच राहिली. परदेशी माणसानं नोंदणीचं कार्ड सतत जवळ बाळगायचं आणि सरकारी कचेरीत जाऊन बोटाचा ठसा द्यायचा. योंगजाबाईंना शाळेत असतानाच बोलावणं आलं. काळी शाई, डाव्या हाताची तर्जनी, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायची. ठसा घेणारा कारकून त्यांच्याच गल्लीतला, त्याची मुलगी यांच्या वर्गात. त्याने मनगट धरलं आणि म्हणाला, हात सैल सोड, म्हणजे नीट उमटेल.

"चांगला माणूस होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी माझ्या शेजारच्या बाकावर होती. तिच्या बोटाला शाई नव्हती."

पुन्हा ठसा द्यायची वेळ आली तेव्हा त्या विशीत होत्या आणि त्यांनी नाही म्हटलं. त्या एकट्या नव्हत्या. ऐंशीच्या दशकात हजारो जणांनी नकार दिला. कुणाला अटक झाली, कुणावर खटले झाले, यांच्या घरी निनावी धमक्यांची पत्रं आली. पण त्यांना खरा फटका वेगळ्याच ठिकाणी बसला. नकार देणाऱ्याला देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी मिळत नसे. जेजूला आजी वारली. गेल्या असत्या तर जिथे जन्मल्या तिथे परत येता आलं नसतं. त्या गेल्या नाहीत. बऱ्याच वर्षांनी त्यांच्यासारख्यांसाठी ती सक्ती उठली. त्यांनी कचेरीला पत्र लिहून आपला तो शाळेतला पहिला ठसा परत मागितला. तशी सोय नाही, असं उत्तर आलं.

मी जरा घुटमळून विचारलं, मुंबईला उतरल्यावर पासपोर्टच्या खिडकीशी ठशाच्या काचेवर बोटं ठेवावी लागली असतील ना?

"ठेवली. परक्याच्या दारात तू कोण म्हणून विचारतात, त्याचं मला काही नाही. मला माझ्या घरात विचारलं होतं." खिडकीबाहेर केळीचे मळे जात होते, ते बघत त्या पुढे म्हणाल्या, "त्या वेळी आजी गेली. या वेळी मुलीचं लग्न घालवायचं नव्हतं. पण त्या कारकुनानंतर माझा हात धरून कुणी काही उमटवलं नाही, आणि मी उमटवू देणार नाही."

वडनेर भोलजीचा चहा

मलकापूरला निखिल गाडी घेऊन आला होता. हमरस्त्यावर वडनेर भोलजीला चहाला थांबलो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना तूर वाळत आलेली, कापसाने भरलेल्या गाड्या पुढे-मागे. टपरीवाल्याशी निखिलची ओळख निघाली आणि भजी आली. योंगजाबाईंनी खाल्ली. आणखी आली. त्यांनी नको म्हटलं. तरी आली.

आमच्याकडे पुण्यात एकदा नको म्हटलं की बशी उचलली जाते, आणि मनातून हवं असलेला पाहुणा उपाशी राहतो. इथे नको हा शब्द वाढणाऱ्याला दिलेला इशारा असतो: अजून थोडं मागे लाग. मी हे योंगजाबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "मग खरंच नको असेल तर काय म्हणायचं?" मी निखिलकडे पाहिलं. तो हसत सुटला. "मॅडम, तसा शब्दच नाही आमच्यात."

सोनाळा

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. संग्रामपूर सोडलं की डोंगराची निळी ओळ समोर येते आणि शेवटपर्यंत समोरच राहते. जाणाऱ्यांना सांगते: मफलर न्या, पहाटे बोचरी थंडी असते. खालच्या पट्ट्यातलं पाणी खारट लागतं, बाटली जवळ ठेवा. आणि संत्री झाडावरून तोडून खा. बाजारात मिळतं ते वेगळं फळ असावं अशी शंका येते.

दारात निखिलची आई शोभाताई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. उंच, रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी योंगजाबाईंवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "या ईनबाई. हे तुमचंच घर हाये." वऱ्हाडात विहिणीला ईन म्हणतात. मी भाषांतर केलं. योंगजाबाई कमरेत वाकल्या, तशा शोभाताईही वाकल्या, मग या पुन्हा वाकल्या. कुणी आधी थांबायचं हे ठरेना. शेवटी हानाने दोघींना आत नेलं.

रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, पातोडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. पाहुणीला तिखट लागेल म्हणून ठेचा दूर ठेवलेला. योंगजाबाईंनी तो स्वतः ओढून घेतला, किमची शोभाताईंच्या ताटात वाढलं, आणि दोघी एकमेकींचं तिखट नाकडोळ्यांतून पाणी काढत खाऊ लागल्या. तिथेच घर जिंकलं गेलं. निखिलची मोठी काकू, जिला घरात सगळे मोठीमाय म्हणतात, हे बघून पसंतीची मान हलवत होती. घरातले सगळे विधी तिच्या हातात. सत्तरीची, आवाज खणखणीत. योंगजाबाई जपानी नसून तिथल्या कोरियन आहेत हे मी सांगितल्यावर ती माझ्याकडे वळली. "मंजे पिढ्या तिथं गेल्या अन् तरी पाव्हनेच?" हो म्हटलं. "काऊन पन?" काऊन म्हणजे का.

माझ्या मनात तेव्हा ठशाची गोष्ट होती. पण ती योंगजाबाईंची होती. पंगतीत मी का काढावी, असं म्हणून गप्प बसले.

हळद

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात जात्याची पूजा झाली, नवरानवरीला हळद लागली, बायकांनी एकमेकींना माखलं. हाना हळदीने इतकी पिवळी झाली की आईने तिला न ओळखल्याचं नाटक केलं. सगळं हसतखेळत चाललं होतं.

मग मोठीमाय हळदीचं ताट घेऊन ओसरीकडे निघाली आणि बायका तिच्यामागे. ओसरीच्या भिंतीवर हळदीचे पंजे होते, जोडीजोडीने. काही ठळक, काही नुसती सावली उरलेले. या घरात लग्न झालं की दोन्हीकडच्या ईनी शेजारीशेजारी उजव्या हाताचा पंजा उमटवतात. मोठीमायने एकेक जोडी दाखवली: ही टुनकीची ईन, ही वरवटची. एका जागी चुन्याचा चौकोन होता. तिथलं विचारलं तर म्हणाली, "त्यांच्याशी तुटलं. मंग चुना मारला."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या यादीत अशा गोष्टीला जागा नव्हती. मी योंगजाबाईंना हळू आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी भिंत नीट पाहिली, मोठीमायला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "भिंत फार सुंदर आहे. मी नको." मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

"लाजते," मोठीमाय बायकांना म्हणाली. सगळ्या हसल्या. योंगजाबाईंनी पुन्हा नको म्हटलं, हात मागे घेतले. "अवं लाजू नको बाई, तुहंच घर हाये," म्हणत मोठीमायने त्यांचं मनगट धरलं, हळदीत बुडवलं आणि भिंतीकडे नेलं. हात ताठ होता. "ढिला सोड हात," ती मायेने म्हणाली, "मंजे नीट उमटीन."

तिथे जमलेल्यांत त्या वाक्याने हादरलेली मी एकटीच होते. योंगजाबाईंना मराठी कळत नव्हतं. त्यांना मनगटावरची पकड कळली.

त्यांनी हात हिसडला. ताट उलटलं, हळद मोठीमायच्या लुगड्यावर आणि जमिनीवर सांडली. वाजंत्री बाहेर वाजतच होती. योंगजाबाई वाकून माफी मागत राहिल्या, पण हात छातीशी धरून. मग त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, पोरगी द्याले मन नाही दिसत. मोठीमाय सांडलेल्या हळदीकडे बघत म्हणाली, "हळद सांडली. मी इतकी लग्नं केली, असं कधी झालं नाही."

दुपार

हाना दाराबाहेर बसून होती. आईची गोष्ट तिला माहीत होती, निखिललाही. पण भिंतीची रीत हानाला ठाऊक नव्हती आणि निखिलला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. हळदीच्या पंजांबद्दल आधी कोण सांगतं, असं तो म्हणाला आणि डोकं धरून बसला. हानाची काळजी साधी होती. उद्या लग्न लागेल, ते कुणी थांबवत नव्हतं. पण या घरात तिची आई यापुढे कोण असेल? पोरगी द्यायचं मन नसलेली बाई? आणि भिंतीवर एकटा पंजा?

योंगजाबाईंनी दार उघडून मला आत बोलावलं. "तुम्ही सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "मला रडू येईल आणि गोष्ट बिघडेल."

मग मी चुलीजवळ शोभाताईंसमोर बसले. मोठीमाय पाठ करून तांदूळ निवडत होती, पण ऐकत होती. मी सगळं क्रमाने सांगितलं: आजोबा, कार्ड, शाई, मनगट, नकार, आजी. माझ्या शिकवण्याच्या सवयीने मुद्दे सुटे सुटे मांडले.

मोठीमाय वळली.

"मले काय माहीत," ती म्हणाली. "आमच्यात नको मंजे धर म्हनते माय. मी माह्या सगळ्या ईनींचे हात धरून उमटवले." मग म्हणाली, "त्यातल्या कोनाले खरंच नको असन का वं, शोभा?"

शोभाताई उठल्या, मला म्हणाल्या, चला, आणि योंगजाबाईंच्या खोलीत जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. आपले दोन्ही हात पुढे धरले, तळवे वर. कापूस वेचून, मिरच्या तोडून बोटांची टोकं झिजलेली, भेगाळलेली, वरची कातडी काचेसारखी गुळगुळीत.

"सांगा त्यांना," मला म्हणाल्या. "बँकेच्या कामाले आंगठा लागते. मशीन माहा आंगठा घेतच नाही. पुसून पाह्यला, तेल लावून पाह्यला. तिथलं पोरगं म्हने, काकू, मशीन म्हनते तुमी नाहीच." त्या किंचित हसल्या. "तुमचा मागत व्हते तं तुमी देल्ला नाही. माहा मी देऊन राह्यली तं कोनी घेत नाही. ईन चांगली भेटली मले."

मी भाषांतर करेपर्यंत योंगजाबाईंनी तो हात हातात घेतला होता. त्यांनी शोभाताईंच्या बोटांची टोकं एकेक करून चाचपली. म्हणाल्या, माझ्या आईचे असेच होते, ती चपलांच्या कारखान्यात तळ चिकटवायचं काम करायची. मग दोघी तशाच बसल्या. मला पुढे भाषांतर करायला काही उरलं नाही, म्हणून मी बाहेर जाऊन चहा सांगितला.

लग्नाची सकाळ

सकाळी मांडवात गर्दी व्हायच्या आधी शोभाताईंनी मोठीमायला हळद कालवायला सांगितली. आम्हा बायकांना ओसरीत बोलावलं. योंगजाबाई निळ्याशार कोरियन पोशाखात होत्या. त्या भिंतीपासून जरा लांबच, खांबाजवळ उभ्या राहिल्या, आणि कुणी त्यांना पुढे ओढलं नाही.

शोभाताईंनी उजवा हात हळदीत बुडवून भिंतीवर उमटवला. मग डावा बुडवला.

"डावा?" मोठीमाय दचकली.

"एक माहा, एक ईनबाईचा," शोभाताई म्हणाल्या. "त्याईच्या वाटचा मी देऊन राह्यली. त्याईले नको हाये."

बायकांमध्ये कुजबुज झाली, पण मोठीमायने मान हलवली आणि कुजबुज थांबली. डावा पंजा उजव्याच्या शेजारी उमटला, ओला, काठावरून हळदीचा ओघळ उतरत असलेला. मी योंगजाबाईंना सांगितलं, की हा तुमचा.

त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, एक विचारा. पुढे कधी मला वाटलं, की हा इथे नसावा, तर पुसता येईल का?

हा प्रश्न मंगल दिवशी कसा विचारायचा, अशी मला धास्ती वाटली. पण शब्द गाळायचा नाही असं मी ठरवलं होतं. विचारला.

"पुसता येईन ना," शोभाताई म्हणाल्या. "तुमी फोन करजा. मी सोता चुना मारीन. काऊन म्हनून इचारनार नाही."

मी ते जपानीत सांगितलं. योंगजाबाईंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्या खांबापासून निघाल्या, भिंतीपाशी गेल्या आणि आपला कोरडा हात त्या ओल्या डाव्या पंजावर ठेवला. बोटावर बोट. दाबून, आणि बराच वेळ.

"अवं, फिसकटीन तो!" मोठीमाय म्हणाली.

"फिसकटू द्या," शोभाताई म्हणाल्या.

योंगजाबाईंनी हात काढला तेव्हा पंजा रुंद झाला होता, बोटं जाड, कडा पसरलेल्या, रेघ एकही नाही. मोठीमाय जवळ जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिली.

"आता हा कोनाचा हाये," ती शेवटी म्हणाली, "थे काही कोनाले सांगता येनार नाही."

हे भाषांतर केल्यावर योंगजाबाई तोंडावर हात ठेवून हसल्या आणि गालाला हळद लागली. तिकडे वाजंत्री सुरू झाली, हाना मांडवातून आईला हाका मारत होती. शोभाताईंनी हात धुवायला तांब्या पुढे केला. योंगजाबाई म्हणाल्या, नको. शोभाताईंनी तांब्या खाली ठेवला, आणि पिवळा हात तसाच घेऊन योंगजाबाई मांडवात गेल्या.